गट नंबर ११२ कोणत्या गावचा?

गंगाखेडहून अहमदपूरकडे निघाले की बालाघाटच्या माळरानात राणीसावरगाव लागते. रेणुकादेवीच्या देवस्थानामुळे त्याचे नाव परभणी जिल्ह्याबाहेरही माहीत आहे. महसूल खात्याच्या लेखी मात्र हे गंगाखेड तालुक्यातले एक मंडळ. इथल्या जमिनींच्या नोंदी आधी निजामाच्या फसली सनात झाल्या, मग मुंबई राज्याच्या नमुन्यांत उतरल्या, एकर-गुंठ्यांच्या हेक्टर-आर झाल्या आणि अखेर सर्व्हरवरच्या टेबलांत ओळी होऊन बसल्या. जमीन जागच्या जागी होती. बदलत गेली ती तिला ओळखण्याची पद्धत.

आज राज्यातल्या सातबाऱ्यांची संख्या अडीच कोटींच्या घरात आहे आणि गावे चव्वेचाळीस हजारांच्या आसपास. एवढ्या ढिगातून नेमका एक उतारा क्षणात बाहेर कसा काढायचा, हा प्रश्न संगणकवाल्यांचा वाटतो. प्रत्यक्षात त्याचे निम्मे उत्तर संगणक जन्मण्याआधी कारकुनांनी शाईने लिहून ठेवले होते. उरलेल्या निम्म्यात जी धावपळ झाली, तिचेही मूळ त्याच दप्तरात होते.

ओळ कशाची?

कोणतीही नोंदवही आखताना पहिला प्रश्न एकच असतो: एक ओळ म्हणजे काय? एक माणूस, एक शेत की एक व्यवहार? मुंबई इलाख्यात इंग्रजांनी याचे पहिले टिकाऊ उत्तर दिले ते इंदापूर तालुक्यात. प्रिंगल या अधिकाऱ्याची आधीची मोजणी फसल्यावर १८३५-३६पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी तिथे नव्याने मोजणी केली आणि १८४७च्या संयुक्त अहवालाने ती पद्धत पक्की झाली. एक ओळ म्हणजे एक सर्व्हे नंबर. त्यापुढे क्षेत्र, आकार आणि सारा भरणाऱ्याचे नाव. सरकारला सारा हवा होता. जमिनीवर खरा हक्क कुणाचा, हे त्या वहीत विचारलेलेच नव्हते.

पुढची साठ-सत्तर वर्षे जमिनी विकल्या गेल्या, गहाण पडल्या, भावाभावांत वाटल्या गेल्या. वही मात्र सारा भरणाऱ्याचेच नाव सांगत राहिली. शेवटी १९०३मध्ये मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा स्वतंत्र कायदा आला आणि दहा वर्षांनी तो जमीन महसूल संहितेत सामावला गेला. एफ. जी. एच. अँडरसन या आयसीएस अधिकाऱ्याने गावाच्या हिशेबांची नियमपुस्तिका तयार केली. महसूल खात्यात तिला आजही ‘अँडरसन मॅन्युअल’ म्हणतात. तलाठ्याच्या दप्तरातले एक ते एकवीस गाव नमुने तिथून आले.

तेव्हा राणीसावरगाव या कायद्यांच्या हद्दीबाहेर, हैदराबाद संस्थानात होते. पहिल्या सालारजंगांनी १८६५मध्ये जिलाबंदी करून जिल्हे आणि तालुके आखले, त्यानंतर मुंबईच्या धर्तीवर मोजणी सुरू झाली. फसली १३१७मध्ये, म्हणजे १९०७-०८मध्ये, संस्थानाचा जमीन महसूल कायदा झाला. दप्तराची भाषा उर्दू, गावात लिहिणारा पटवारी. बापाचे नाव ‘वल्द’ लावून यायचे आणि सन फसली असायचा, ज्यात ५९० मिळवले की इसवी सन निघतो. शिवाय मराठवाडा सगळा दिवाणी मुलूख, म्हणजे थेट सरकारी वसुलीखालचा, नव्हता. जहागिरीच्या गावांत हिशेब जहागीरदाराच्या कारभाऱ्याकडे असायचा आणि त्याचा नमुना त्याच्या मर्जीचा.

हैदराबादवरील पोलीस कारवाईनंतर हे झपाट्याने बदलले. जहागिरी १९४९मध्ये खालसा झाल्या. फसली १३५८च्या नियमाने हक्कनोंदी आल्या आणि १९५०च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याची नोंद अटळ झाली. १९५४-५५मध्ये खासरा पाहणी झाली. कोणत्या नंबरात कोण मालक, कोण कब्जेदार, कोण कूळ, हे शेताच्या बांधावर जाऊन लिहिले गेले. मराठवाड्यात इनामाचा किंवा कुळाचा वाद निघाला की वकील आजही त्या वर्षीच्या खासरा पत्रकाची नक्कल काढायला सांगतात. ओळ सारा भरणाऱ्यावरून जमिनीवरच्या हक्काकडे सरकली, ती इथे.

१ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. पुढे १९६६ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १५ ऑगस्ट १९६७पासून लागू झाली आणि १९७१मध्ये अधिकार अभिलेखाचे नियम आले. तेव्हापासून राणीसावरगाव आणि इंदापूर एकाच नमुन्यांत लिहिले जाऊ लागले.

शाईतली टेबले

या नमुन्यांची रचना डेटाबेस शिकणाऱ्याने मुद्दाम पाहावी अशी आहे. नमुना एक म्हणजे आकारबंद, गावातल्या सगळ्या नंबरांची मूळ यादी. नमुना सात म्हणजे त्या नंबरावरचे हक्क. नमुना बारा म्हणजे तिथली पिके. कागद आणि जागा वाचावी म्हणून सात आणि बारा एकाच पानावर छापले गेले आणि त्यातून सातबारा झाला. नमुना आठ-अ खातेदाराच्या बाजूने लिहिलेला: एका खात्यावर गावात कुठे कुठे किती जमीन. नमुना सहा फेरफारांचा. खरेदी, वारस, वाटणी, बोजा, काहीही घडले की आधी तिथे क्रमाने नोंद आणि मगच सातबाऱ्यावर परिणाम.

प्रत्येक नमुन्यात एक प्रकारचीच गोष्ट आणि नमुन्यांना जोडणारे तीन आकडे: गट क्रमांक, खाते क्रमांक, फेरफार क्रमांक. सातबाऱ्यावर नावापुढे वर्तुळात लिहिलेला फेरफार क्रमांक म्हणजे ‘हे नाव इथे का आले ते नमुना सहामध्ये पाहा’ असा निर्देश. डेटाबेसच्या भाषेत यालाच फॉरेन की म्हणतात.

आणखी दोन रिवाज होते. फेरफार नोंदवला की हितसंबंधितांना नोटीस, चावडीवर प्रसिद्धी, हरकतीसाठी पंधरा दिवस आणि मग मंडळ अधिकाऱ्याचे प्रमाणन. तोवर सातबाऱ्यावरची नोंद पेन्सिलीत, प्रमाणनानंतर शाईत. दुसरा रिवाज कंसाचा. हक्क संपलेल्या माणसाचे नाव खोडायचे नाही, कंस करायचा. त्यामुळे एकाच पानावर आजचा मालक कळायचा आणि त्याच्या आधीचेही कळायचे. अर्धवट व्यवहार पक्का मानू नये आणि इतिहास पुसू नये, हे दोन्ही नियम आजच्या डेटाबेसचेही कणा आहेत.

रचनेत एक भोक मात्र होते. सातबाऱ्यावरचे क्षेत्र आणि आठ-अवरचे क्षेत्र ही एकच माहिती, पण ती दोन ठिकाणी हाताने लिहावी लागे. कागदाला इलाज नव्हता, कारण खातेदाराच्या नावाने शोधायला दुसरी सोय नव्हती. पण एक गोष्ट दोनदा लिहिली की कधी ना कधी दोन आकडे वेगळे निघतात.

१९७०च्या जूनमध्ये एडगर कॉड या आयबीएमच्या संशोधकाने नेमका हाच विषय गणिताच्या भाषेत मांडला. मोठ्या, अनेकांनी वापरायच्या डेटासाठी त्याने जे रिलेशनल मॉडेल सुचवले, त्याचे सार असे: माहिती साध्या टेबलांत ठेवा, टेबले समान मूल्यांनी जोडा, एक वस्तुस्थिती एकाच जागी लिहा आणि बाकीची रूपे हवी तेव्हा तयार करून घ्या. त्या हिशेबाने आठ-अ वेगळा लिहायचीच गरज नाही. सातच्या ओळी खाते क्रमांकाने गोळा केल्या की तो आपोआप उभा राहतो.

भिंती पडल्या तेव्हा

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्राची योजना १९८८-८९मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत प्रयोग म्हणून सुरू झाली. महाराष्ट्रातून त्यात वर्धा होता. पुढे एकेका तालुक्यातले सातबारे संगणकात भरले जाऊ लागले. शेजारच्या कर्नाटकाने २००१मध्ये ‘भूमी’ प्रकल्पातून सुमारे दोन कोटी नोंदी तालुक्याच्या खिडक्यांवर आणल्या. २००८मध्ये केंद्राचा नवा राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि महाराष्ट्रात ई-फेरफारची वाट मोकळी झाली. राष्ट्रीय सूचना केंद्राच्या (एनआयसी) पुणे केंद्राने प्रणाली उभी केली. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला की त्याची माहिती थेट तहसीलला जाऊन फेरफार सुरू व्हावा, हा हेतू.

इथे एक जुनी गोष्ट उघडी पडली. तलाठ्याला अडीच कोटी ओळींत कधीच शोधावे लागले नव्हते. त्याच्यासमोर गावाची काही शे पाने असायची. प्रत्येक गावाला गट नंबर ११२ असू शकतो, खाते क्रमांक ५ असतोच आणि फेरफार क्रमांक १ तर असतोच असतो. गावाचे दप्तर वेगळ्या कपाटात होते म्हणून हे आकडे एकमेकांत मिसळत नव्हते. सगळी गावे एका टेबलात आली की ‘११२’ला काही अर्थ उरत नाही. ओळीची ओळख पटवायला गावाचा कोड, गट आणि हिस्सा एकत्र लागतात. प्रायमरी की या तिघांची मिळूनच होते.

मग गावाचा कोड कोणता? नाव चालत नाही. सावरगाव नावाची गावे महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत. जिल्ह्याचा आकडा कोडात गुंफला तर दुसरी अडचण. १ मे १९८१ला जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर परभणीतून गेला. १ मे १९९९ला हिंगोली वेगळा झाला तेव्हा कित्येक तालुक्यांचा जिल्हा एका दिवसात बदलला. गाव तेच, शेत तेच, पण कोडात जिल्हा असेल तर लाखो ओळींची ओळख बदलावी लागते आणि त्या ओळींकडे बोट दाखवणाऱ्या प्रत्येक टेबलात तोच बदल करावा लागतो. मोठ्या टेबलाचा पहिला धडा इथे मिळतो: ओळखीच्या आकड्यात बदलू शकणारी माहिती भरू नये. जिल्हा वेगळ्या कॉलमात असावा, कोड निव्वळ कोड असावा. २०२०मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला तेव्हा गावाच्या नावाशेजारी देशभर एकच असलेला एलजीडी कोड छापला जाऊ लागला, त्याचे महत्त्व हे आहे.

गट नंबरही अढळ नव्हता. एकत्रीकरण योजना राबवली तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. त्यामुळे १९५४-५५च्या खासऱ्यातला नंबर आणि आजचा गट जुळवायला वेगळा तक्ता लागतो. पोटहिस्से पडत गेले: ११२/१, ११२/१/अ, ११२/१अ. माणसाला शेवटचे दोन सारखे वाटतात, यंत्राला ते दोन वेगळे शब्द आहेत. अशा वेळी सगळा नंबर एका कॉलमात मजकूर म्हणून ठेवला तर क्रमवारीत ११२ हा १२च्या आधी येतो आणि एकाच शेताच्या दोन ओळी होतात. मूळ नंबर एका आकड्याच्या कॉलमात आणि हिस्से पुढच्या कॉलमांत ठेवले तर हा घोळ जन्मतच नाही. भूखंडाला ११ अंकी भू-आधार क्रमांक देण्याची कल्पना याच वाटेवरची. या क्रमांकाचा गावाशी, गटाशी किंवा मालकाशी संबंध नाही, म्हणून त्यातले काहीही बदलले तरी तो टिकतो.

क्षेत्राचेही तसेच. एक एकर म्हणजे ४० गुंठे आणि मेट्रिकमध्ये सुमारे ४०.४७ आर. प्रत्येक हिस्सा वेगळा बदलून शेवटचा अंक गोल केला की हिश्श्यांची बेरीज मूळ क्षेत्राशी जुळत नाही. जुने लोक सामाईक खात्यातला वाटा आणेवारीने लिहीत. सोळा आण्यांपैकी चार आणे म्हणजे पाव. एकक बदलले तरी पाव हा पावच राहतो. संगणकात क्षेत्र दशांश म्हणून नेमक्या अंकांत साठवावे, साधारण अपूर्णांकाच्या तरंगत्या प्रकारात नको. नाहीतर चौरस मीटरचा फरक कोटी ओळींत विखुरतो आणि कोणत्या ओळीतून आला ते सापडत नाही.

चावडीवरची दुरुस्ती

या चुका निस्तरायला सॉफ्टवेअर पुरे पडले नाही. हस्तलिखित सातबारा आणि संगणकातला सातबारा शब्दशः जुळवण्यासाठी आधी एडिट मॉड्यूल आले, मग री-एडिट. चावडी वाचनाच्या मोहिमा झाल्या. संगणकातला उतारा गावासमोर मोठ्याने वाचायचा आणि लोकांनी चूक सांगायची. एकाच माणसाची दोन-तीन खाती निघाली, बापाचे नाव एका जागी ‘वल्द’ने आणि दुसरीकडे ‘पि.’ने निघाले, सात आणि आठ-अच्या क्षेत्रांचा मेळ बसेना. प्रत्येक प्रकारच्या विसंगतीची यादी यंत्र काढून देई आणि तलाठी मूळ पान उघडून ती एकेक करून मिटवी. तालुक्याच्या नायब तहसीलदाराला महसूल खात्यात ‘डीबीए’ (डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर) हे नाव चिकटले ते याच दिवसांत. बिचाऱ्याने नोकरी धरली तेव्हा डेटाबेस सांभाळावा लागेल असे त्याच्या स्वप्नातही नसेल.

१ मे २०१८ला डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याचे लोकार्पण झाले. पुढे पंधरा रुपयांत तो कुणालाही, कुठूनही काढता येऊ लागला. नव्या नमुन्यात कंसाची जागा आडव्या रेषेने घेतली. संपलेला हक्क खोडलेला दिसतो, पण वाचता येतो. रिवाजाचे चिन्ह बदलले, रिवाज राहिला.

आता गती कुठून येते ते पाहू. बोइंग कंपनीच्या प्रयोगशाळेत रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्‌क्रेट यांनी १९७०च्या सुमारास बी-ट्री नावाची रचना मांडली. आजचे बहुतेक इंडेक्स, म्हणजे डेटाबेसच्या शोधसूच्या, तिच्यावर चालतात. इंडेक्सच्या एका पानावर दोनशे खुणा बसतात असे धरू. एका पानातून दोनशे वाटा, दोन पातळ्यांत चाळीस हजार, तीनमध्ये ऐंशी लाख, चारमध्ये एकशे साठ कोटी. म्हणजे अडीच कोटींतला एक सातबारा चार पाने उलटून मिळतो. ओळी दसपट झाल्या तरी तेवढीच पाने पुरतात. संख्या मोठी म्हणून टेबल मंद होते हा समज त्यामुळे अर्धाच खरा. इंडेक्स गाव, गट, हिस्सा या क्रमाने बांधला असेल तर गाव सांगणाऱ्याला उतारा लगेच मिळतो. फक्त आडनाव सांगणाऱ्याला त्याच इंडेक्सचा काडीचा उपयोग नाही. त्याच्यासाठी दुसरा लागतो. आणि प्रत्येक जास्तीचा इंडेक्स दर फेरफाराबरोबर अद्ययावत करावा लागतो, म्हणून ते हात राखूनच द्यावे लागतात.

खरी वाढ नमुना बारामध्ये आहे. हक्क पिढीत एकदा-दोनदा बदलतात, पीक दर हंगामाला. १५ ऑगस्ट २०२१ला ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि शेतकरी मोबाइलवरून फोटोसह स्वतःच पीक नोंदवू लागला. परभणीकडे सोयाबीन, तूर आणि कापूस एकाच गटात शेजारी शेजारी असतात, म्हणजे एका गटाला खरिपात तीन ओळी. राज्यात गटामागे वर्षाला सरासरी तीनच ओळी धरल्या तरी वर्षाला साडेसात कोटी, दहा वर्षांत पंचाहत्तर कोटी. अशा टेबलात पिकाचे आणि गावाचे नाव अक्षरांत न लिहिता कोड लिहिला आणि ओळीमागे चाळीस बाइट वाचले तरी तीन हजार कोटी बाइट, म्हणजे तीस गिगाबाइट वाचतात. शिवाय टेबलाचे वर्ष आणि हंगामानुसार पार्टिशन करायचे. चालू खरिपाचा तुकडा लिहिता राहतो, जुने हंगाम स्वतंत्र तुकड्यांत शांत पडून असतात आणि पीकविम्याची चौकशी आली की त्या एका तुकड्यातच शोध होतो. सातच्या टेबलाचे तुकडे मात्र जिल्हा-तालुक्यानेच पाडावेत, कारण तिथे विचारणारा सन सांगत नाही, गाव सांगतो. तुकडे कसे पाडायचे हे ओळींच्या संख्येवरून ठरत नाही; लोक काय विचारतात त्यावरून ठरते.

न विचारलेला प्रश्न

लोक काय विचारतील हे आधी ठाऊक नसले की काय होते, ते २०२३मध्ये मराठवाड्याने पाहिले. मराठा समाजातल्या कुणबी नोंदींच्या शोधासाठी सरकारने ७ सप्टेंबरला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. आठही जिल्ह्यांच्या कचेऱ्यांत खासरे, पाहणी पत्रके, जन्ममृत्यूच्या आणि शाळांच्या नोंदी खाली उतरल्या. उर्दू आणि मोडी वाचणारे शोधून आणावे लागले. ऑक्टोबरअखेर जाहीर झाले त्यानुसार सुमारे पावणेदोन कोटी कागद तपासले गेले आणि साडेअकरा हजारांच्या आसपास नोंदी सापडल्या. त्या नोंदींवरचे राजकारण हा वेगळा विषय. इथे पाहायचे ते एवढेच की दप्तर गाव आणि नंबर यांच्या क्रमाने लावलेले होते आणि प्रश्न एका रकान्यातल्या एका शब्दाचा होता. अशा प्रश्नाला इंडेक्स नसला की पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत जाण्यावाचून गत्यंतर नसते. डेटाबेसमध्ये त्याला फुल टेबल स्कॅन म्हणतात. तिथे तो यंत्र करते, इथे तो माणसांनी केला.

तरीही उत्तर मिळाले, कारण १९५४-५५च्या आणि त्याआधीच्या लिहिणाऱ्यांनी त्या काळी निरुपयोगी वाटणारा रकानाही भरून ठेवला होता आणि पाने फेकली गेली नव्हती. नव्या टेबलांची कसोटी इथेच आहे. ई-पीक पाहणीच्या आजच्या ओळीला पन्नास वर्षांनी कुणी विचारील की बालाघाटातला कापूस कधी हटला आणि कोणत्या रानातून हटला. तोवर तालुके फुटलेले असतील, गटांचे हिस्से पडलेले असतील, एककेही बदललेली असतील. ओळीला स्वतःचा न बदलणारा क्रमांक दिलेला असेल, जुन्या नंबरापासून नव्यापर्यंत नेणारा तक्ता राखलेला असेल आणि जुने हंगाम जागा अडवतात म्हणून कुणी पुसलेले नसतील, तर उत्तर मिळेल. सर्व्हर मोठा घेणे पैशाचे काम आहे आणि ते कधीही करता येते. या तीन गोष्टी मात्र टेबल आखतानाच ठरवाव्या लागतात. पंचाहत्तर कोटी ओळी भरल्यावर त्या ठरवायला बसले तर पुन्हा चावडी वाचनच घालावे लागेल.